सुटकेनंतरचा पंधरवडा

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळा, वसतिगृह व दवाखाना यांच्या वाटचालीचे लेख असणार, देणगीदारांच्या व दिवंगत विश्वस्तांच्या आठवणी निघणार. ते उचितच आहे. अशा मंगल प्रसंगी तुरुंग, अफू आणि अकाली मृत्यू हा विषय घेऊन पुढे येणे काही वाचकांस अप्रशस्त वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु न्यासाच्या वैद्यकीय साह्याच्या कामात गेल्या काही वर्षांत जे अर्ज आमच्या नजरेखालून गेले, त्यांत एका प्रकारचे अर्ज पूर्वी कधी येत नसत. मुलगा पुडीच्या नादी लागला, पुडीसह पकडला गेला, आता आत आहे. वकिलाच्या खर्चासाठी काही साह्य व्हावे, अशी आईची किंवा थोरल्या भावाची विनंती असते. आणि अर्जाच्या शेवटी बहुधा एक वाक्य येते: आत गेल्यापासून निदान त्याचे व्यसन तरी सुटले, एवढेच समाधान.

हे समाधान फसवे आहे, आणि ते फसवे का, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा लेख. आम्ही पेशाने शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु विषय असा आहे की तो समजण्यास वैद्यक शिकलेले असण्याची जरुरी नाही. शाळेतल्या शरीरशास्त्राएवढे ज्ञान त्यास पुरे.

अफूचे घराणे

अफू ही आपणांस परकी वस्तू नाही. ज्या माळव्यात आपल्या वाडवडिलांनी घरे केली, त्या माळव्याची अफू एके काळी मुंबई बंदरातून थेट चीनला जात असे, आणि इकडच्या कित्येक पेढ्यांची भरभराट त्याच व्यापारावर झाली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाने निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी चाटवीत, हेही नोंदलेले आहे. आजही मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने पोस्त पिकते. नीमचला सरकारचा अफू व अल्कलॉइडचा कारखाना आहे. कर्करोगाच्या असह्य वेदना शमविणारे मॉर्फिन याच झाडाच्या चिकापासून मिळते, हेही विसरून चालणार नाही.

या मॉर्फिनवर रासायनिक क्रिया करून १८७४ साली लंडनमध्ये प्रथम हेरॉइन तयार झाले, आणि १८९८ पासून जर्मनीच्या बायर कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले. त्याचाच अशुद्ध, तपकिरी प्रकार म्हणजे ब्राउन शुगर, ज्याला मराठीत गर्द असे नाव पडले. याच घराण्यात कोडीन घातलेली खोकल्याची औषधे येतात, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या येतात, आणि अमेरिकेत ज्याने हाहाकार माजविला ते हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असे फेंटानिलही येते. या सर्वांस आपण येथे अफूवर्गीय द्रव्ये म्हणू.

हा प्रश्न दूरदेशीचा आहे अशी कोणाची समजूत असेल तर एक आकडा सांगतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनापायी ज्यांस मदतीची गरज आहे अशांची संख्या देशात सुमारे साठ लाख धरली आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या थोड्या राज्यांत आहेत, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा व दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्र, राजस्थान, आंध्र प्रदेश व गुजरात यांचीही नावे आहेत.

शरीर शिकते आणि विसरते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मेंदूतील पेशींवर या द्रव्यांना बसण्याच्या ठरावीक जागा असतात, कुलुपात किल्ली बसावी तशा. तेथे ती बसली की वेदना थांबते, चित्ताला सुख होते, आणि त्याच वेळी श्वास मंदावतो. आपण झोपेत असताना श्वास चालू ठेवण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेले एक केंद्र करते. अफूवर्गीय द्रव्य त्या केंद्राला गुंगी आणते. मात्रा फार झाली म्हणजे ते केंद्र काम थांबविते, आणि माणूस झोपेतच श्वास घ्यावयाचा थांबतो. या द्रव्यांनी येणारा मृत्यू बहुधा असा येतो.

मग रोज गर्द घेणारा वर्षानुवर्षे कसा जगतो? त्याचे कारण शरीर हे शिकणारे यंत्र आहे. रोज तेच विष मिळू लागले की ते त्याची सवय करून घेते. पहिल्या दिवशी ज्या मात्रेने माणूस मरता, तिच्या कितीतरी पट मात्रा तो वर्षभराने पचवितो, आणि तेवढ्याने त्याला फारसे सुखही होत नाही. याला आपण सहनमर्यादा वाढणे म्हणू.

परंतु शरीर जसे शिकते तसे विसरतेही. रमजानच्या महिन्यात विडीची सवय असलेला माणूस दिवसभराचा रोजा सोडून पहिली विडी ओढतो तेव्हा त्याचे डोके गरगरते, हा अनुभव आमच्या मोहल्ल्यात पुष्कळांना आहे. रोजच्या विड्यांनी ज्याला काही होत नाही, त्याला चौदा तासांच्या खंडानंतर एक विडी जड जाते. विडीच्या बाबतीत ही क्षणाची भोवळ असते. गर्दच्या बाबतीत खंड काही महिन्यांचा असतो, आणि भोवळीऐवजी श्वास बंद पडतो.

तुरुंगात नेमके हेच घडते. पुडी बंद होते. पहिल्या दहा-बारा तासांत जांभया, नाक गळणे, अंगावर काटा येणे सुरू होते. मग हातपाय पिळवटतात, वांत्या व जुलाब होतात, झोप उडते. नशा करणारे याला टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला पोचतो व आठवड्याभरात बहुतांशी ओसरतो. पुढे भूक लागते, अंगावर मांस चढते, चेहऱ्यावर तजेला येतो. भेटीला गेलेल्या आईला वाटते, पोरगा बरा झाला. शरीराने सवय टाकली हे खरे. परंतु तलफ ही मेंदूत खोल जाऊन बसलेली असते, ती आठवड्यात जात नाही, कित्येकदा वर्षातही जात नाही. म्हणजे तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो तो माणूस असा असतो की ज्याची इच्छा जुनी आहे आणि शरीर नवे आहे. जुन्या इच्छेने तो जुनेच माप घेतो, आणि ते माप नव्या शरीराला सोसत नाही.

आमच्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. नाव, गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगा गणितात चांगला होता. आठ महिने कच्च्या कैदेत राहून जामिनावर सुटला, तेव्हा पूर्वीपेक्षा धट्टाकट्टा दिसत होता. आईने उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी केली. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणीघराचे दार फोडावे लागले. गल्लीत लोक म्हणाले, पोराने जीव दिला. डॉक्टरांचे म्हणणे निराळे होते. जीव देण्याचा त्याचा विचार असल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते. आठ महिन्यांपूर्वी तो जेवढे घेई तेवढेच त्याने घेतले होते.

आकड्यांचा पुरावा

एका घरची गोष्ट पुरावा होत नाही, म्हणून मोठ्या गणतीकडे जाऊ. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ व्यक्तींचे पुढे काय झाले, याचा शोध तेथील संशोधकांनी घेतला व तो २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांतील मृत्यूचे प्रमाण त्याच राज्यातील इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाले. वय, लिंग व वंश यांतील फरक हिशेबात घेऊनच हा आकडा काढलेला आहे. अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने येणाऱ्या मृत्यूचा धोका तर त्या पंधरवड्यात १२९ पट होता. त्या पाहणीत अतिमात्रा हेच सुटलेल्यांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले.

सहनमर्यादा घटणे हे या मृत्यूंचे मुख्य कारण. त्याला आणखी तीन-चार गोष्टी येऊन मिळतात. मधल्या काळात बाजारातील माल बदललेला असतो, तो किती कडक आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. घरच्यांच्या धाकाने तो आता चोरून, एकटा, दाराला कडी घालून घेतो, त्यामुळे श्वास बंद पडला तरी कोणास पत्ता लागत नाही. पुडी मिळाली नाही तर झोपेच्या गोळ्या किंवा दारू तिच्या जोडीला घेतली जाते, आणि ही दोन्ही द्रव्ये श्वास आणखी मंद करतात. शिवाय नोकरी नाही, लोक तोंड फिरवितात, जुने सोबती मात्र स्वागताला हजर असतात.

हाच धोका व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने राहून परत आलेल्यांनाही असतो, कारण शरीर तेथेही सवय विसरते. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून मराठी समाजात व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी आली. आजार म्हटला की घरी परतल्यावर पुढचे उपचार व देखरेख आलीच, ही गोष्ट मात्र पुष्कळ कुटुंबांच्या ध्यानी राहत नाही.

औषधे तीन

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. न्यू यॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मारी निस्वांडर यांनी १९६५ साली मेथाडोन या औषधाचा उपचार प्रसिद्ध केला. मेथाडोन हेही अफूवर्गीयच, परंतु ते पोटात घ्यावयाचे, सावकाश चढणारे आणि दिवसभर टिकणारे. योग्य मात्रेत रोज एकदा दिले की तलफ शमते, टर्की येत नाही, नशाही चढत नाही. माणूस कामधंदा करू शकतो.

दुसरे औषध ब्युप्रेनॉर्फिन. हे जिभेखाली ठेवावयाच्या गोळीच्या रूपात मिळते. ते पेशीवरील त्याच जागेवर घट्ट बसते, पण तिला अर्धवटच चेतविते. त्यामुळे मात्रा वाढविली तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाही, आणि वरून गर्द घेतले तरी त्याला बसावयास फारशी जागा उरत नाही. भारतात प्रामुख्याने हेच औषध वापरतात. तिसरे नॅल्ट्रेक्सोन. हे स्वतः कोणताही कैफ देत नाही, फक्त जागा अडवून धरते. मात्र ते थांबविले आणि माणूस पुन्हा पुडीकडे वळला, तर सहनमर्यादा शून्यावर आलेली असल्यामुळे धोका मोठा असतो. पहिल्या दोन औषधांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत केला.

या तिन्हींहून निराळे चौथे एक औषध ध्यानात ठेवावे, ते नॅलोक्सोन. ते व्यसनावर नव्हे, प्रसंगावर द्यावयाचे. अतिमात्रेने श्वास थांबत चाललेल्या माणसाला ते टोचले, किंवा काही देशांत मिळते तसे नाकात फवारले, की काही मिनिटांत ते अफूवर्गीय द्रव्याला त्याच्या जागेवरून हुसकावते आणि श्वास परत येतो. ज्याच्या अंगात असे द्रव्य नाही त्याला ते अपाय करीत नाही. परंतु त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णास दवाखान्यात न्यावेच लागते.

ऱ्होड आयलंडचा प्रयोग

ही औषधे तुरुंगात दिली तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील सर्वांत लहान राज्याने दिले आहे. ऱ्होड आयलंडची लोकसंख्या सुमारे अकरा लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. पूर्वी तेथेही रीत अशी होती की बाहेर मेथाडोन घेणारा माणूस तुरुंगात आला की त्याचे औषध हळूहळू कमी करून बंद करावयाचे. तेथील संशोधकांनी अशा कैद्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाचे औषध चालू ठेवले, दुसऱ्याचे रीतीप्रमाणे बंद केले. २०१५ साली लॅन्सेट या नियतकालिकात निष्कर्ष आला. औषध चालू राहिलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोक सुटल्यावर महिन्याच्या आत बाहेरच्या दवाखान्यात हजर झाले, औषध तोडलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के. म्हणजे आत धागा तुटला की बाहेर तो जुळणे अवघड होते.

पुढे २०१६ साली राज्याने आपल्या सर्व तुरुंगांत तिन्ही औषधे देण्यास प्रारंभ केला. येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हावयाची, बाहेर औषध चालू असेल त्याचे ते पुढे चालू ठेवावयाचे, ज्याला गरज आहे त्याला ते आत सुरू करावयाचे, आणि सुटल्यावर बाहेर कोठल्या दवाखान्यात जावयाचे हे आधीच ठरवून द्यावयाचे. हे काम कोडॅक नावाच्या एका लोकसेवी संस्थेकडे सोपविले. तिचेच दवाखाने तुरुंगाबाहेरही असल्यामुळे आतला रुग्ण बाहेर आल्यावर परका ठरत नसे.

परिणाम आकड्यांत पाहावा. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत त्या राज्यात अतिमात्रेने १७९ माणसे दगावली, त्यांतील २६ जण मागील वर्षभरात तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत एकूण १५७ दगावले, आणि त्यांत सुटून आलेले केवळ ९. म्हणजे एकूण मृत्यूंतील सुटलेल्यांचा वाटा सुमारे ६१ टक्क्यांनी घटला. राज्य लहान, म्हणून आकडेही लहान आहेत. परंतु इंग्लंडमध्ये केलेली मोठी पाहणी तीच दिशा दाखविते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, सुटकेच्या वेळी ज्यांचे औषध चालू होते त्यांच्यात पहिल्या महिन्यातील मृत्यू इतरांपेक्षा ७५ टक्क्यांनी कमी, आणि अमली द्रव्यांच्या विषबाधेचे मृत्यू ८५ टक्क्यांनी कमी आढळले.

स्कॉटलंडने निराळा मार्ग धरला. २०११ पासून तेथे सुटणाऱ्या कैद्यांस नॅलोक्सोन बरोबर देऊन ते कसे वापरावे हे शिकविण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. अफूवर्गीय द्रव्यांनी झालेल्या एकूण मृत्यूंत, सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत झालेल्या मृत्यूंचा वाटा २००६ ते २०१० या वर्षांत ९.८ टक्के होता, तो २०११ ते २०१३ मध्ये ६.३ टक्क्यांवर आला.

दोन आक्षेप

हे ऐकून सुज्ञ माणसेही दोन आक्षेप घेतात. पहिला असा की ही तर एक नशा सोडवून दुसरी लावणे झाले. आम्ही विचारतो, मधुमेही माणूस रोज इन्सुलिन टोचून घेतो, त्याला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणतो काय? व्यसनाची खूण नुसती औषधाची गरज ही नव्हे. गरजेपायी माणूस चोरी करतो, खोटे बोलतो, घर विकतो, जीव धोक्यात घालतो, ही ती खूण होय. मोजून दिलेल्या औषधाने हे सारे थांबत असेल आणि माणूस सकाळी कामावर जात असेल, तर त्या औषधाला नशा म्हणणे शब्दांचा गैरवापर आहे. औषध किती दिवस घ्यावयाचे हे वैद्यांनी ठरवावे. कोणास वर्ष लागेल, कोणास अनेक वर्षे. घाईने बंद केल्यास मूळ धोका परत येतो.

दुसरा आक्षेप असा की गुन्हेगाराचे इतके लाड कशाला? यास आमचे उत्तर सरळ आहे. न्यायालयाने त्याला ठरावीक मुदतीची कैद दिली, देहदंड दिला नाही. मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत त्याचा प्रेतवाहक गल्लीत यावा, असा निकाल कोणत्याही न्यायाधीशाने लिहिलेला नसतो. आणि आत असलेल्यांपैकी बहुतेकांवर अजून गुन्हा शाबीतही झालेला नसतो. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय गणतीप्रमाणे आपल्या देशातील तुरुंगांत दर शंभरांपैकी सुमारे ७६ जण कच्चे कैदी होते.

आपल्याकडील स्थिती

या शेवटच्या आकड्यात आपल्याकडील अडचणीचे एक मर्म आहे. शिक्षा भोगणाऱ्याच्या सुटकेची तारीख आधी ठाऊक असते, कच्च्या कैद्याचा जामीन मात्र कोणत्याही दिवशी होतो. सायंकाळी कागद पोचतात आणि माणूस रात्री बाहेर येतो. तयारी करावयास वेळच मिळत नाही. म्हणून जी तयारी करावयाची, ती तो आत असतानाच केली पाहिजे.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडली आहेत. दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ साली ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला. पंजाबने २०१७ साली सरकारी दवाखान्यांतून हे औषध देणारी केंद्रे उघडली आणि पुढे तुरुंगांतही ती नेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली द्रव्यांशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत, आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय असावी असे सांगितले आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही कलम ३९ अन्वये काही प्रकरणांत न्यायालय व्यसनी माणसास उपचारासाठी सोडू शकते. कलम ६४-अ अन्वये सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो व ते पुरे करतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही दोन कलमे आपल्या वकिलास विचारून पाहावीत. परंतु सोय कायद्यात असणे आणि ती आपल्या मुलाच्या बराकीपर्यंत पोचणे, यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर घरच्यांनाच तोडावे लागते.

घरच्यांनी काय करावे

मुलगा आत गेला की तो काय व किती घेत होता, ही माहिती लाज न धरता तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी द्यावी. बाहेर उपचार चालू असतील तर त्याचे कागद वकिलामार्फत पोचवावेत आणि औषध चालू ठेवण्याची विनंती करावी. जामिनाचा अर्ज पडला की त्याच आठवड्यात जवळचे सरकारी व्यसनोपचार केंद्र कोठे आहे, ते कोणत्या वारी उघडते, याची चौकशी करून ठेवावी. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे.

सुटल्यावर देवदर्शन, दर्गा, नातेवाईक हे सारे मागाहून. पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आणि त्याच्याशी एकदा स्पष्ट बोलावे. पुन्हा घेशील तर घराबाहेर काढीन, हे बोलणे सर्वांनाच येते. पण जे बोलावयाचे ते असे: बाळ, तुझे शरीर आता पूर्वीचे नाही, पूर्वीचे माप तुला मारील, मन ओढ घेऊ लागले तर आधी मला सांग, मी रागावणार नाही. असे बोलल्याने आपण पुडी घ्यावयास परवानगी देतो असे होत नाही. पहिला महिनाभर त्याला फार वेळ एकटे ठेवू नये, न्हाणीघराची व खोलीची आतली कडी काही दिवस काढून ठेवावी. घरातील झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात, दारूचा संपर्क टाळावा.

आणि प्रसंग आलाच तर? हाक मारूनही जागा होत नाही, श्वास फार मंद किंवा घोरल्यासारखा घरघरतो, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ही अतिमात्रेची लक्षणे होत. झोपू द्या, उतरेल, असे म्हणून कोणी त्याला सोडून जाऊ नये. पुष्कळ जीव या एका वाक्याने गेले आहेत. मीठपाणी, दूध, लिंबू काही तोंडात घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. ताबडतोब १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबत असेल तर त्याला उताणा निजवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात श्वास भरावा, दर पाच-सहा सेकंदांस एक. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे, म्हणजे वांती झाली तरी गुदमरणार नाही. डॉक्टरांस खरे काय ते सांगावे. पोलिसांच्या भीतीने हृदयविकार म्हणून सांगितले तर नॅलोक्सोन देण्यातली मोलाची मिनिटे जातात.

न्यासास विनंती

आता विश्वस्त मंडळास थोडे निवेदन. वकिलाच्या खर्चासाठी येणारे अर्ज आपण मंजूर करतो, ते योग्यच आहे. पण जामीन मिळवून देणे एवढ्यावर आपले साह्य थांबले, तर धोक्याच्या पंधरवड्याच्या तोंडाशी आपण त्या मुलास एकटे उभे करतो. म्हणून आमची सूचना अशी की असा प्रत्येक अर्ज मंजूर करताना तीन गोष्टी जोडाव्यात: तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास द्यावयाच्या पत्राचा नमुना, सुटकेच्या दिवशी घरच्यांबरोबर जाऊन मुलास उपचार केंद्रापर्यंत पोचविणारा एक कार्यकर्ता, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या औषधपाण्याचा व जाण्यायेण्याचा खर्च. हा खर्च वकिलाच्या एका तारखेहून फारसा अधिक होणार नाही. शिवाय न्यासाच्या सभागृहात वर्षातून एकदा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे आणि तोंडाने श्वास देण्याचे प्रात्यक्षिक सर्वांस शिकवावे. ते बुडालेल्या माणसासही उपयोगी पडते, तेव्हा कोणास संकोच वाटण्याचे कारण नाही.

न्यासाच्या घटनेत आपद्ग्रस्तांस साह्य हा उद्देश लिहिलेला आहे. ज्या घरातला मुलगा तुरुंगातून परत आला आहे, ते घर आपण आपद्ग्रस्त समजत नाही, उलट त्याची आपत्ती संपली असे समजतो. पुढच्या अर्जाच्या वेळी विश्वस्तांनी तो पंधरवडा हिशेबात धरावा, एवढीच आमची विनंती आहे.